चेंबर पारखायचा तर तळ बघा: यूजीडीचा (जमिनीखालच्या ड्रेनेजचा) मॅनहोल बांधण्याबद्दल

कुणाच्या हातचा चेंबर पारखायचा असेल तर भिंतीच्या गिलाव्यावर हात फिरवत बसू नका. झाकण काढा, बॅटरी मारा आणि तळ बघा. पाणी नळीतनं, म्हणजे तळातल्या वाहायच्या वाटेतनं, न थांबता पुढं जातंय, तिच्या दोन्ही बाजूंचा कोबा, म्हणजे काँक्रीटचा उतरता काठ, स्वच्छ आहे, तर गवंडी जाणता. कोब्यावर मळ साचून वाळलेला दिसला, तर भिंत कितीही गुळगुळीत असू दे, तिथं दर दोन महिन्यांनी जेटिंगची (जोरानं पाणी मारून लाइन साफ करणारी) गाडी बोलवावी लागणार.

मी बेळगावातल्या वडगावचा गवंडी. लहान लेआउटमधली यूजीडीची कामं घेतो. अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, कंग्राळी, कधी निपाणी-संकेश्वरकडं. हे लिहितोय ते अशी कामं नव्यानं घेणाऱ्या पोरांसाठी, आणि पैसे मोजणाऱ्या प्लॉटवाल्यांसाठीही. घरामागचा दीड फुटी चेंबर इथं धरलेला नाही. रस्त्यातला, माणूस उतरेल असा मॅनहोल, तेवढ्यापुरतंच बोलतो.

कुठं बांधायचा, केवढा बांधायचा

लाइन जिथं वळते, जिथं उतार बदलतो, जिथं पाइपचा आकार बदलतो, जिथं दुसरी लाइन येऊन मिळते आणि जिथनं लाइन सुरू होते, अशा प्रत्येक ठिकाणी चेंबर लागतोच. याशिवाय माणूस आत शिरू शकत नाही अशा लहान पाइपच्या सरळ लाइनीत दोन चेंबरमधलं अंतर ३० मीटरपेक्षा जास्त नको. तुंबलेली लाइन दोन्ही टोकांनी सळ्या किंवा जेटिंगचा पाइप घालून मोकळी करायची असते, त्यासाठी हे अंतर. प्लॉटवाले इथंच घासाघीस करतात. "मिस्त्री, सरळच लाइन हाय की ओ, मधला एक चेंबर गाळूया." मी त्यांना सांगतो, "गाळूया की मालक, पण मधेच तुंबलं तर रस्ता फोडायचा खर्च कुणाच्या नावावर लिहू ते आत्ताच सांगून सोडा." मग चेंबर राहतो.

पुढं सगळीकडं एकच उदाहरण धरतो: आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरचा पाइप, आणि इन्व्हर्ट रस्त्यापासून सहा फूट खाली. इन्व्हर्ट म्हणजे पाइपचा आतला तळ. सगळी मापं तिथनं धरायची, पाइपच्या माथ्यावरनं नव्हे.

आयएस ४१११ (आयएस म्हणजे भारतीय मानक) मध्ये गोल चेंबरचा आतला व्यास खोलीप्रमाणं दिलेला आहे: ०.९० ते १.६५ मीटर खोलीला ९०० मिलिमीटर, १.६५ ते २.३० मीटरला १२००, २.३० ते ९ मीटरला १५००, त्याखाली १४ मीटरपर्यंत १८००. आपले सहा फूट म्हणजे १.८३ मीटर, तेव्हा आतनं १२०० मिलिमीटर, चार फूट. चौकोनी चेंबरही चालतो, आणि आमच्याकडचे बरेच गवंडी चौकोनीच बांधतात, कारण गुण्या लावला की काम सरळ होतं. माझं मत गोलाच्या बाजूचं. बाहेरनं मातीचा दाब आला की गोलातल्या विटा एकमेकींवर आवळतात. चौकोनात तोच दाब भिंतीच्या मध्याला पोट काढतो. शिवाय चौकोनाचे चार कोपरे म्हणजे घाण धरायच्या चार जागा.

खड्डा

बेळगावात दोन तऱ्हेची जमीन भेटते. पिरनवाडी, मच्छे, पुढं खानापूरकडं गेलात की तांबडा मुरूम आणि जांभा. खणायला कष्ट, पण कड उभी राहते आणि तळ पक्का मिळतो. वडगाव, येळ्ळूर, हलगा ही बाजू म्हणजे काळी भातजमीन, बासमतीची शेतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि बळ्ळारी नाल्याला पाणी चढलं की शिवारभर पाणी वर येतं. दोन्हीकडं चेंबर तोच असला तरी पायाचं काम आणि भराई वेगळी.

खड्डा केवढा काढायचा? आतनं चार फूट, नऊ इंची भिंत दोन्हीकडं धरून साडेपाच फूट. बाहेरनं गिलावा करणाऱ्या माणसाला वाकून थापी चालवायला चहूकडं दीड फूट जागा हवी, म्हणजे साडेआठ फूट व्यास. खड्डा लहान काढला की बाहेरचा गिलावा होतच नाही, आणि झाला असं सांगून माती ढकलली जाते. खोली अशी: इन्व्हर्टपर्यंत सहा फूट, नळीखालचा माल दोन इंच, बेडचं काँक्रीट आठ इंच, त्याखाली तीन इंच पीसीसी (सळीशिवायचं साधं काँक्रीट), एकूण सात फूट एक इंच. काळ्या जमिनीत आणखी फूटभर खाली जा, ती माती काढून टाका आणि मुरूम दोन थरात पाणी मारून ठोकून भरा. फुगणाऱ्या मातीवर थेट काँक्रीट टाकलं तर चेंबर एका बाजूनं उचलतो आणि पाइपचा सांधा तुटतो.

दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला फळ्या आणि आडवे दांडे लावून आधार द्यायचाच, आयएस ३७६४ तेच सांगतं. काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. आपल्या सात फुटी खड्ड्याला पाच फूट लांब. जेसीबीवाला कडेलाच ढीग घालतो, कारण त्याला बूम कमी फिरवावा लागतो. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. वळवाच्या दिवसात, एप्रिल-मे मध्ये, संध्याकाळी ढग भरून आले की उघडा खड्डा तसाच सोडून घरी जाऊ नका. कडेनं मातीचा बांध घाला, शिडी वर काढा, बत्ती आणि दोरी लावा. आणि सकाळी माणूस उतरवायच्या आधी कडेला भेग पडली का बघा. मृग लागायच्या आत भराईपर्यंत काम आलं पाहिजे, या हिशेबानंच दिवाळीनंतर सुरुवात करावी.

खणण्याआधी खाली काय गेलंय ते विचारून घ्या. बेळगावच्या काही भागात २००८ पासून २४ तास पाण्याची योजना आहे, तिचे पाइप रस्त्याच्या कडेनं गेलेत. कुठं हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, केबल असते. ड्रेनेजची लाइन पिण्याच्या पाइपपासून आडवी जमेल तितकी लांब, शक्यतो ३ मीटर ठेवायची. एकमेकांना छेदायचं असेल तर पाणी वर, ड्रेनेज खाली. हे उलटं झालेलं दिसलं तर काम थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा.

लेव्हल

३० मीटरच्या लाइनीला शंभरास एक उतार म्हणजे फूटभर फरक. डोळ्यानं हा फरक कळत नाही, ट्यूब लेव्हलनं (पाणी भरलेल्या नळीनं) एवढ्या लांब न्यायचा तर चुकतो. ऑटो लेव्हल (दुर्बिणीचं लेव्हल यंत्र) भाड्यानं मिळतं, ते लावून दोन्ही चेंबरवर आडव्या फळ्या ठोकून घ्या. समजा, ठरवलेल्या खुणेच्या हिशेबानं मीटरमध्ये, वरच्या चेंबरचा इन्व्हर्ट ९७.००, खालच्याचा ९६.७०. अडीच मीटर उंचीचा टी-आकाराचा दांडा करा. वरच्या फळीची कड ९९.५० ला, खालच्या फळीची ९९.२० ला. मधे कुठंही पाइपच्या तळावर दांडा उभा केला की त्याचा माथा दोन फळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. वर दिसला तर पाइप उंच बसलाय, खाली दिसला तर दबलाय. ही जुनी रीत आहे, पण लेव्हलवाला निघून गेल्यावरही पोरांना कामाची पडते.

आमच्या साइटवर विजापूर, रायचूरकडची माणसं असतात, तेव्हा लेव्हल मराठी-कानडी मिसळूनच चालते. फळीशी उभा असलेला "स्वल्प मेले" म्हणाला की वर, "स्वल्प केळगे" म्हणाला की खाली. हातवाऱ्यावर हे भागतं, पण आकडा तोंडी सांगू नका. खडूनं पाटीवर लिहून दाखवा, समोरच्याकडनं वाचून घ्या.

कमी उतार वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. पाण्याला सेकंदाला ०.६ मीटर तरी वेग मिळाला पाहिजे, नाहीतर गाळ बसतो. म्हणून नाल्याकडच्या सपाट भागात एकेका इंचासाठी भांडावं लागतं, आणि टेकाडावरच्या लेआउटमध्ये उलट, लाइन फार खोल जाऊ नये म्हणून पायरी द्यावी लागते. तिथं येणारी लाइन मुख्य लाइनीपेक्षा ६०० मिलिमीटरहून जास्त उंच असेल तर ड्रॉप करायचा: चेंबरच्या बाहेरनं उभा पाइप खाली आणून तळाच्या नळीत सोडायचा. उभ्या पाइपभोवती काँक्रीट भरायचं, आणि वरचं आडवं तोंड तसंच चेंबरात उघडं ठेवून त्याला काढघालीची टोपी लावायची, म्हणजे पुढं तिथनं सळी घालता येते. असा ड्रॉप न करता वरनं धबधबा सोडला तर कोबा फुटतो आणि आत उतरणाऱ्याच्या डोक्यावर घाण पडते.

बेड आणि पाइप

बेडच्या काँक्रीटची जाडी चेंबर मीटरभर खोल असेल तर १५० मिलिमीटर, दोन मीटरपर्यंत २००, त्याहून खोल असेल तर ३००. आपल्याला २००, आठ इंच. भिंतीच्या बाहेर सहा इंच काढायचं. खड्ड्यात पाणी असेल तर ते उपसल्याशिवाय काँक्रीट टाकू नका. कोपऱ्यात लहान खड्डा करून पंप चालू ठेवायचा आणि काँक्रीट जमेपर्यंत चालूच ठेवायचा. पाण्यात ओतलेल्या काँक्रीटमधलं सिमेंट धुऊन जातं, खाली खडी उरते.

भिंत उचलायच्या आधी पाइप जागेवर आले पाहिजेत. बांधलेल्या भिंतीला मागनं भोक पाडून पाइप घुसवणं ही आपल्याकडची सर्रास रीत, आणि चेंबर गळायला सुरुवात तिथंच होते. पाइपचं तोंड आतल्या भिंतीशी बरोबर हवं, आत घुसलेलं नको. भोवती सहा इंच काँक्रीट. चेंबर आणि लाइन सारख्या प्रमाणात दबत नाहीत, म्हणून भिंतीच्या बाहेर दोन फुटांच्या आत एक सांधा यायला हवा, लहान तुकडा लावून. मग थोडं दबलं तरी सांधा हलतो, पाइप मोडत नाही. काळ्या जमिनीत हे सोडून चालतच नाही.

पीव्हीसी पाइप असेल तर एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. त्या गुळगुळीत पाइपला सिमेंट धरत नाही, भोवतीनं केसाएवढी फट राहते आणि पाणी झिरपतं. भिंतीत जाणाऱ्या भागाला सॉल्व्हंट (पीव्हीसी जोडायचा चिकट द्रव) लावा, ओलं असतानाच जाड वाळू भुरभुरवा, सुकू द्या. मग काँक्रीट घट्ट धरतं.

दोन वेगळ्या आकाराचे पाइप मिळत असतील तर माथ्याला माथा जुळवायचा. सहा इंची पाइप आठ इंचीला मिळतोय, तर सहा इंचीचा तळ दोन इंच वर राहील, तसाच राहू द्या. तळाला तळ जुळवला की मोठ्या पाइपातलं पाणी लहान पाइपात मागं शिरतं.

नळी आणि कोबा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी मोठ्या गवंड्यालाच हे काम देतो, भिंत शिकाऊ पोरगाही उचलतो.

तळाची नळी खाली अर्धगोल असते हे सगळे करतात. पण बहुतेक जण अर्धगोलावरच थांबतात, आठ इंची पाइपला चार इंच खोल नळी करून तिथनंच कोबा सुरू करतात. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान सगळ्या घरांचं पाणी एकदम येतं, पाइप अर्ध्याहून जास्त भरतो, आणि पाणी नळी सोडून कोब्यावर पसरतं. पाणी ओसरल्यावर त्यातला मळ कोब्यावरच राहतो. अर्धगोलाच्या वर नळीच्या बाजू सरळ उभ्या उचला, बाहेर जाणाऱ्या पाइपच्या माथ्यापर्यंत. आपल्या उदाहरणात नळी पूर्ण आठ इंच खोल.

वळणाच्या चेंबरात पाणी बैलगाडीसारखं वळतं, त्याला काटकोनात वळायला लावू नका. नळीला जेवढं मोठं वळण देता येईल तेवढं द्या आणि आत येणाऱ्या तोंडापासनं बाहेर जाणाऱ्या तोंडापर्यंत इंचभर जादा उतार द्या, वळताना जो वेग मोडतो तो भरून निघतो. बाजूनं मिळणारी लाइन प्रवाहाच्या दिशेनं वळवून मिळवायची. समोरासमोर दोन लाइनी येऊन आदळल्या की दोन्ही तुंबतात. लेआउटच्या नकाशावर अशा जागा काटकोनाच्या टी सारख्या दिसतात. नकाशा काढणाऱ्यानं फक्त रेघा ओढलेल्या असतात, वळण तळात आपण द्यायचं असतं.

सरळ नळी करायची सोपी युक्ती: त्याच आकाराचा पीव्हीसी पाइप लांबीत अर्धा कापा, तो तळाला बसवून भोवती काँक्रीट भरा. आत ठेवलेला राहिला तरी चालतो. वळणाला हे जमत नाही, तिथं पत्र्याचा साचा किंवा हाताचं काम.

नळीच्या काठापासनं भिंतीपर्यंत कोबा चढता. सहास एकपेक्षा जास्त उभा नको, नाहीतर ओल्या कोब्यावर पाय घसरतो. दहास एकपेक्षा सपाट नको, नाहीतर घाण बसते. चार फुटी चेंबरात नळीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस इंच उरतात. सहास एकनं भिंतीपाशी सव्वातीन इंच चढ येतो. त्यावर १:२ मालाचा (एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू) पाऊण इंच थर, लोखंडी थापीनं घोटून, वर निरू, म्हणजे नुसत्या सिमेंटचा घोटलेला थर. भिंत आणि कोबा मिळतात तिथं वाटा (कोपऱ्याला मालाची गोलाई) फिरवायला विसरू नका.

झाल्यावर बादलीभर पाणी वरच्या तोंडातनं सोडा. कुठं थबकलं तर खडूनं खूण करा आणि माल ओला आहे तोवरच दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी वरनं चोपडलेला माल सुटून येतो.

भिंत

वीट भाजलेली, खणखण वाजणारी. खानापूर भागातल्या भट्ट्यांची वीट बहुतेक चालते, पण भट्टीच्या कडेची कच्ची वीट त्यातच मिसळून येते. पारख सोपी: कोरडी वीट तोला, दिवसभर पाण्यात ठेवा, परत तोला. तीन किलोच्या विटेनं सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, म्हणजे वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत. खानापूरकडं काही जण चेंबरला जांभ्याचा चिरा सुचवतात, जवळ मिळतो म्हणून. घराला तो उत्तम आहे. चेंबरला नको, त्याच्या अंगालाच भोकं असतात.

मधोमध बेडमध्ये सळी उभी करा, तिला दोन फुटांची दोरी, आणि प्रत्येक विटेचं तोंड दोरीला लावत फिरा. गोल भिंतीत विटा आडव्या नव्हे, तोंडं आत करून लावायच्या, म्हणजे नऊ इंच जाडी एकाच विटेत मिळते. बाहेरच्या बाजूला सांधा रुंद होतो, तो मालानं गच्च भरायचा, तुकडे कोंबून नव्हे. विटा आधी भिजवलेल्या, माल १:४.

आतनं १:३ मालाचा अर्धा इंच गिलावा आणि निरू. बाहेरनंही तोच गिलावा, निदान पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत. बाहेरच्या गिलाव्याला प्लॉटवाले नाकं मुरडतात, जमिनीत जाणार म्हणून. शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांत वाड्यावाड्यात आड आहेत, नळाला पाणी आलं नाही की लोक अजून त्यांच्याकडंच वळतात. चेंबर उन्हाळ्यात बाहेर गळतो आणि पावसाळ्यात आत. उन्हाळ्यातली गळती आडात जाते, पावसाळ्यातली लाइन भरवते. हे सांगितलं की बाहेरच्या गिलाव्याचे पैसे मिळतात.

आतला गिलावा वरच्या निमुळत्या भागात सोडून देतात, तिथं पाणी लागत नाही म्हणून. पण मैल्यातनं सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्याच्या वरच्या पोकळीत पसरतो, तिथल्या ओल्या भिंतीवर त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते सिमेंट खातं. जुने चेंबर वरनंच भुसभुशीत झालेले दिसतात ते याच्यामुळं. वरही गिलावा पूर्ण करा.

उतरायच्या पायऱ्या भिंत उचलतानाच बसवायच्या. साध्या सळीच्या वाकवून केलेल्या पायऱ्या काही वर्षांत गंजून सुऱ्या होतात. बिडाच्या किंवा प्लास्टिकचं कवच असलेल्या घ्या. दोन ओळीत डावी-उजवी, उभं अंतर ३०० मिलिमीटर, वरची पायरी झाकणापासनं दीड फुटाच्या आत, खालची कोब्यापासनं फूटभरापेक्षा वर नको. बसवल्यावर माल धरेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही.

वर चार फुटांवरनं तोंडाच्या ५६० मिलिमीटरपर्यंत यायचं. प्रत्येक थराला दीड इंच आत घेतलं तर तीन इंची विटेचे नऊ थर लागतात, म्हणजे अडीच फूट. पायऱ्यांच्या बाजूची भिंत सरळ ठेवून बाकीच्या बाजूंनी जास्त आत आलं तर उतरणाऱ्याला सोपं, पण तिथं थराला जास्त पुढं काढावं लागतं, तेव्हा उंची हवी. उंची नसेल तर आरसीसीचा स्लॅब टाकून पायऱ्यांच्या बाजूला भोक ठेवा.

पाणी भरून बघणं

भराई करायच्या आधी तीन गोष्टी.

पहिली, आरसा आणि बॅटरी. एका चेंबरात पाइपच्या तोंडाशी बॅटरी, दुसऱ्यात पंचेचाळीस अंशात आरसा. वरनं आरशात बघायचं. पूर्ण गोल उजेड दिसला तर लाइन सरळ. गोल खालनं किंवा वरनं कापलेला दिसला तर पाइप मधे बसलाय, उचललाय किंवा माल सांडलाय. बाजूनं कापलेला दिसला तर लाइन वाकली आहे. यंत्र लागत नाही, दहा मिनिटांत होतं, आणि प्लॉटवाल्यालाही बोलावून दाखवता येतं.

दुसरी, चेंडू. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडा, आपल्या उतारावर तो आपोआप घरंगळत खालच्या चेंबरात यायला हवा. अडकला तर सांध्यात माल आत आलाय. असला माल पुढं केस आणि कापडं धरून ठेवतो, तुंबायला तेवढं पुरतं.

तिसरी, पाणी. सगळी तोंडं बंद करून चेंबर भरा. पहिल्या रात्री विटा पाणी पितात, पातळी उतरते, घाबरू नका. सकाळी परत भरा, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा, तासानं बघा. रेघ जवळपास तिथंच असली तर काम पास. उतरली तर रिकामा करून बाहेरनं ओल कुठं फुटली ते शोधा. बहुतेक वेळा ती पाइपच्या भोवतीच सापडते. भिंतीला निदान सात दिवस पाणी मारल्यावरच ही टेस्ट घ्या.

मग भराई. काळी माती परत आत ढकलू नका, मुरूम आणा, चहूबाजूंनी सारखा, सहा-सहा इंचांच्या थरात ठोकत. एका बाजूनं जेसीबीनं लोटलं तर ओल्या सांध्याची गोल भिंत सरकते. तयार प्लास्टिकचे चेंबर आता मिळतात, काम झटपट होतं. पण भातजमिनीत पाणी वर आलं की रिकामा प्लास्टिकचा चेंबर तरंगून वर येतो; खाली काँक्रीटमध्ये अडकवून ठेवल्याशिवाय ते घेऊ नका.

चालू लाइनीला जोडताना

नवा चेंबर कोरडा असेपर्यंत सगळं सोपं. जुन्या चालू लाइनीला जोडायचा दिवस सगळ्यात धोक्याचा, आणि बहुतेक ठेकेदार तो दिवस सगळ्यात घाईत उरकतात.

चालू ड्रेनेजमध्ये माणूस उतरवून साफ करणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे. मृत्यू झाला तर भरपाई २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं १० लाख सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. जोडणीच्या कामात शक्य तेवढं वरनं करा: वरच्या चेंबरात फुगवायचा प्लग घाला, साठणारं पाणी पंपानं पुढं टाका, लाइन कोरडी करा. जिथं उतरायचं तो चेंबर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे चेंबर आधी तासभर उघडे ठेवा, ब्लोअर लावा, गॅस मीटर दोरीनं तळापर्यंत सोडून आकडा बघा. कंबरेला नव्हे, अंगभर पट्टा, वर तिपाई आणि दोन माणसं.

काडी पेटवून बघायची जुनी सवय असेल तर सोडा, मिथेन असला तर भडका होतो. "वास येत नाही, म्हणजे गॅस नाही" हेही चूक. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणं थांबतं. आणि खाली कुणी पडला तर त्याच्यामागं उडी मारायची नाही. एकाच्या जागी दोन-तीन जातात ते त्यामुळं. वरनं दोरीनं ओढायचं, म्हणूनच पट्टा आधी घालायचा.

झाकण, पागोळी आणि कोटेशन

झाकणावर आयएस १२५९२ प्रमाणं दर्जा लिहिलेला असतो: एलडी (हलकं) २.५, एमडी (मध्यम) १०, एचडी (जड) २०, ईएचडी (अतिजड) ३५. आकडा टनाचा. फुटपाथला एलडी, गल्लीत एमडी चालतं. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडं गळीत हंगामात उसानं भरलेले ट्रॅक्टर-ट्रेलर कुठल्याही रस्त्यानं जातात, तिथं एचडी २० च्या खाली जाऊ नका. चौकट काँक्रीटमध्ये बसवा. पुढं रस्त्यावर डांबराचा थर चढला की झाकण खाली गडप होतं, म्हणून चौकटीखाली दोन थर विटांचे असे ठेवा की काढून उंची वाढवता येईल. रस्ता कच्चा असेल तर झाकण सहा इंच वर, नाहीतर पावसाचं पाणी आणि माती थेट आत.

पागोळ्यांचा पाइप चेंबरात सोडायचा नाही. गटार असूनही लोक सोडतात, कारण जवळ पडतं. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. दहा घरांची कौलं आणि स्लॅब आठ इंची लाइनीत उतरले की खालच्या गल्लीतली झाकणं उचलून मैला रस्त्यावर येतो. घरजोडणी देताना छपराचा पाइप कुठं जातो ते बघूनच सही करा.

कोटेशन "एका चेंबरचे इतके" असं देऊ नका. सहा फुटांचा दर ठरवून नऊ फूट खणायला लागलेले मी बरेच बघितलेत. ठरावीक खोलीपर्यंतचा एक दर, पुढं फुटामागं वेगळा. पाणी उपसणं, मुरूम, फळ्यांचा आधार, बाहेरचा गिलावा, चेंडू-आरसा-पाण्याची टेस्ट, प्रत्येकाची ओळ वेगळी लिहा. न लिहिलेलं काम प्लॉटवाला फुकट धरतो आणि घाईत असलेला ठेकेदार गाळतो. झाकणाचा दर्जा आकड्यात लिहा, नुसतं "हेवी झाकण" लिहिलं की दुकानात जे पडलेलं असेल ते येतं. आणि काम झाल्यावर प्रत्येक चेंबरचा इन्व्हर्ट, झाकणाची लेव्हल आणि जवळच्या दोन पक्क्या खुणांपासनं अंतर, एवढं एका कागदावर लिहून एक प्रत मालकाला द्या, एक स्वतःकडं ठेवा.